शाळा वाहून नेणारा

माझं काम सोपं.
शाळा ट्रकात घालायची,
दोन नद्या ओलांडून कुरणात उतरवायची.
नमद्यांचे पाच गठ्ठे, जाळीच्या घडीच्या भिंती,
दोन खांब, एक चूल, एक फळा,
आणि त्सेर्माबाई,
ज्या केबिनमध्ये बसून रस्ताभर कागदाचे उंट कापतात.
तंबू तासा-दोन तासांत उभा राहतो.
शाळा उभी राहायला त्याहून वेळ लागतो,
हे मला या उन्हाळ्यात कळलं.

अकरा पोरं आली.
काही आईच्या पाठीमागे लपून,
काही घोड्यावर, बापाच्या पुढ्यात.
मला वाटलं, आता फळ्यावर अक्षरं.
बाईंनी जमिनीवर हाडं ओतली.
मेंढीच्या घोट्याची, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली.
एक बाजू घोडा, एक उंट, एक मेंढी, एक शेळी.
टाका, म्हणाल्या, आणि सांगा काय पडलं.

"शेळी पडली," एक पोरगी म्हणाली,
"पण तिला घोडा व्हायचंय."
"का बरं?" बाईंनी विचारलं.
आणि मग
बाई गप्प बसल्या.

आमच्या मास्तरांचा प्रश्न संपायच्या आत
पट्टी टेबलावर आपटायची.
इथे प्रश्न संपला,
आणि चुलीवरच्या चहाला उकळी फुटली,
तरी बाई त्या पोरीकडे बघत होत्या,
जणू तिच्यापाशी खरंच काही आहे.

होतंही.
पण ते शेळीचं गुपित, मी सांगणार नाही.

अंखिल मात्र बोलायचा नाही.
वय पाच. बोलला तर घोड्याशी, तेही कानात.
दुपारी बाहेर दगड मांडायचा.
दगडांचं गोल घर, आत चुलीचा दगड,
बाहेर दगडांचे घोडे, दगडांची मेंढरं.
आमच्याकडची सगळीच पोरं हे खेळतात, मीही खेळलोय.
पण याच्या कुंपणाबाहेर, उत्तरेला,
आणखी एक रांग. सगळे आडवे.

मी चाकातली हवा बघत होतो.
सहज म्हटलं, "ही झोपलीत का रे?"
आणि बाईंसारखा गप्प बसलो.
अवघड असतं ते.
जीभ वळवळते, उत्तर पुरवावंसं वाटतं.
टोपी वाऱ्याने उडाली, उचलली नाही.
शेजारच्या घोड्याने आठ वेळा शेपूट झटकलं.

"नाही," तो म्हणाला.
"ही हिवाळ्यातली."

गेल्या हिवाळ्यात बर्फाचं कवच फुटलंच नाही,
खुरांना गवत लागलं नाही.
आम्ही मोठे त्यावर बोलत नाही.
मी बाईंना हाक मारली.

बाई मांडी घालून बसल्या.
एकही दगड उभा केला नाही,
पोराला कुशीत ओढलं नाही.
विचारलं, "किती?"
त्याची बोटं संपली. मग त्याने माझी घेतली.
माझीही संपली. मग बाईंची सहा.
"आणि यांना राखतं कोण?"
तो उठून गेला, बराच वेळ गेला,
लहानसा पांढरा दगड घेऊन आला,
रांगेच्या टोकाला ठेवला.
"कुत्रा. तोही हिवाळ्यातलाच."
मग बोलत सुटला. कुत्र्याचं नाव,
त्याचा एक कान कसा पडलेला,
तो कुणाची चप्पल चावायचा.

संध्याकाळी आई आली, हातात दुधाचा कॅन.
"आज काय शिकला?"
"खेळला," मी म्हणालो,
आणि काहीतरी सांडल्यासारखं ओशाळलो.
"सव्वीस शिकला," बाई म्हणाल्या.
आईने रांगेकडे पाहिलं.
कॅन खाली ठेवला.

तीन आठवड्यांनी शाळा पुन्हा गठ्ठ्यांत बांधली.
मागे गवतावर पिवळट गोल राहिला,
आणि थोडे दगड, उभे नि आडवे.

त्या रात्री खिंडीत, जिथे मोबाईलला रेंज येते,
खोंगोरझुलला फोन लावला.
दारखानला शिवणकाम करते, एकवीस वर्षांची आहे.
मी नेहमी दोनच विचारतो,
जेवलीस का, पैसे आहेत का.
त्या दिवशी विचारलं,
"तुझ्या खिडकीतून काय दिसतं गं?"

आणि थांबलो.
ट्रकचं इंजिन टिकटिकत थंड होत होतं.

"बाबा? फोन कट झाला का?"
"नाही," म्हटलं.
"ऐकतोय."