हलव्याचा हार, नग एक

फेलिक्स्टोच्या बंदरावर आज वारा असा
की क्रेनसुद्धा हात वर करून उभ्या आहेत.
जहाज बाहेर ताटकळतंय,
आणि इथे तिसऱ्या मजल्यावर, माझ्या टेबलावर
एक हिरवा प्लास्टिकचा पंखा:
बटण दाबलं की पाती फिरतात, लाल दिवा लागतो,
दांड्यात अठरा ग्रॅम गोळ्या.

पंखा की गोळ्या?
प्रश्न बारा हजार नगांचा आहे.
गोळ्या म्हटलं तर प्रकरण सतरा, साखर आणि साखरेचा खाऊ,
जकात लागते.
खेळणं म्हटलं तर प्रकरण पंच्याण्णव,
जकात माफ.
आयातदार मिस्टर प्रेंटिस फोनवर म्हणतात,
अहो, आंधळ्यालाही दिसेल, हे खेळणं आहे.
मागच्या महिन्यात ह्यांचीच शिट्टी होती, चघळायची;
तेव्हा ती उघड उघड खाऊ होती,
कारण खेळणं म्हटलं असतं तर सुरक्षेची चाचणी आली असती.

तिसरा नियम सांगतो:
वस्तू मिश्र असेल तर तिचा मूळ स्वभाव शोधा.
वजन कशाचं जास्त, किंमत कशाची जास्त,
हात कशासाठी पुढे होतो.
वजन केलं. पंखा एकतीस ग्रॅम.
किंमत पाहिली. पंखाच महाग, नऊ पेन्सनी.
हात कशासाठी पुढे होतो
ते तराजूला विचारून उपयोग नाही,
म्हणून डेरेक गर्लिंग एक नमुना घरी घेऊन गेला, नातीसाठी.
तिनं गोळ्या आजोबांच्या तळहातावर ओतल्या
आणि पंखा गालाशी धरून बसली, बॅटरी संपेपर्यंत.
संपल्यावर मात्र गोळ्या परत मागितल्या.
साक्ष म्हणून चालेल का? डेरेकनं विचारलं.
फॉर्ममध्ये पाच वर्षांच्या मताला रकाना नाही.

इस्लामपुरात आम्ही चुन्याची रेघ मारून खेळायचो
तळ्यात, मळ्यात, मळ्यात, तळ्यात,
चुकेल तो बाद.
सुधन्वा नेमका रेघेवर उभा राहायचा,
एक पाय पाण्यात, एक पाय वांग्यांत,
आणि मान वर करून विचारायचा, आता?
त्याला आम्ही पहिला बाद करायचो.
आता तेच करते, महिन्याच्या पगारावर.

चारच्या सुमाराला एक खोकं आलं,
सांगलीहून, इप्सविचच्या पत्त्यावर.
वर बॉलपेननं, दाबून दाबून लिहिलेलं:
हार एक, बांगड्या दोन, मुकुट छोटा. साहित्य, साखर.
नकली दागिने? डेरेक म्हणाला. प्रकरण एकाहत्तर?
मी झाकण उघडलं.
पांढरा हलवा, काट्याकाट्यांचा, दोऱ्यात ओवलेला,
मध्ये मध्ये सोनेरी कागद.
बांगडी एवढीशी, की माझी तीन बोटंही जाईनात.
कुणाचं तरी पहिलं बोरन्हाण.
कुणीतरी मंद आचेवर, चमचा चमचा पाक सोडत,
बोटांना चटके घेत हे काटे फुलवलेले.

घालतात की खातात? डेरेकनं पेन उचललं.
आधी घालतात, म्हटलं. मग फोटो काढतात.
मग मुंग्या लागायच्या आत खातात.
त्यानं पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

दोरा दोन ग्रॅम, कागद एक, बाकी सगळी साखर.
प्रकरण सतरा. भेटवस्तू, किंमत किरकोळ, सोडून द्यावे.
दोन ओळींत निकाल; पंख्यावर मी चार दिवस घालवलेत.

खोक्याच्या कोपऱ्यात एक दाणा सुटून पडला होता.
नमुना ठेवता येतो, पण नोंद करावी लागते.
नोंद केली नाही.
जिभेला आधी काटे लागले, मग साखर,
आणि अगदी शेवटी, दाताखाली,
तीळ.
तो मी वजनात धरलाच नव्हता.

खिडकीबाहेर एकेक क्रेन हात खाली घेतेय.
फोन पुन्हा वाजतोय, प्रेंटिसच असणार.
माझं तोंड अजून रिकामं नाही.