चार इंच घाट

मे महिन्यात भद्रावती पेठेतला आमचा पत्रा
सकाळी दहालाच तडतडायला लागायचा.
त्या पत्र्याखाली, हातमागावर,
नायनांनी एक थंड हवेचं गाव विणायला घेतलं.

ऑर्डर तिकडच्याच एका हॉटेलची. बारा नग.
सोबत पोस्टकार्डाएवढा फोटो:
साहेबाच्या काळचं चर्च, दगडी पायऱ्या,
बाजूला पोस्टाच्या कमानी, मागे सुरूची रांग,
आणि मनोऱ्याच्या जागी
फोटो काढणाऱ्याचा अंगठा.

नायनांनी तो आलेखाच्या कागदावर उतरवला,
चौकोन मोजत, पुसत, पुन्हा मोजत.
"तिकडं म्हणे बघायच्या जागेला पॉइंट म्हणतात,"
पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले,
"आपल्याकडं सात हजार हायत की."

वॉल हँगिंग खालून वर विणत जातात.
म्हणून आधी पायऱ्या आल्या.
दिवसाला चार इंच.
ताटात भात वाढताना अम्मा विचारायची,
"कुठवर आलो?"
"कमानीखाली."
"मग बसू या थोडं," पदरानं वारा घेत ती म्हणायची,
"सावली आहे."

धुक्यापाशी अडलं.
धुकं कुठल्या रंगाचं असतं
हे घरात कुणालाच नक्की सांगता येईना.
पांढरं घातलं तर चुना वाटे,
राखाडी घातलं तर धूर.
दोन दिवस माग मुका.
तिसऱ्या दिवशी नायना इरण्णा म्याकलच्या रंगखान्यात गेले,
उकळत्या हौदावरची वाफ बघत
घामाने निथळत उभे राहिले,
आणि येताना न धुतलेल्या, कोऱ्या सुताच्या लड्या घेऊन आले.
ते आमचं धुकं.
नाक लावलं तर खळीचा वास यायचा.

राहिला अंगठा.
"एवढा मनोरा हाय म्हणजे घड्याळ असणारच,"
आणि बसवलं एक. पावणेसात वाजलेलं.
गिरणी बंद पडून तेव्हा नऊ वर्षं झाली होती.
पावणेसातला ते अजून
अंगणात येऊन चपला शोधत.

बारा वेळा आम्ही तो घाट चढलो.
बारा वेळा आकाश संपलं की कात्री,
की पुन्हा पहिली पायरी.
बाराव्या खेपेला अम्मा म्हणाली,
"गुडघे धरलेत माझे. तुम्ही जा पुढं,
मी कमानीत थांबते."
आम्ही हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

यंदा जूनमध्ये शाळा उघडली.
देगावकर बाईंनी स्टाफरूममध्ये जॅमच्या बाटल्या वाटल्या,
माझ्यासाठी वेगळी एक गुंडाळी.
"तिथलं जुनं हॉटेल सामान विकत होतं.
तिथलेच कारागीर करायचे म्हणे. खास आहे हं."
मी सोडली. पायऱ्या. कमानी. सुरू.
"फक्त एक चुकलंय बघा," बाई म्हणाल्या,
"त्या चर्चला घड्याळच नाही.
आम्ही मुद्दाम माना वर करून पाहिलं."

मी "अस्सं" म्हटलं.
मग त्या वळल्यावर धुक्याला नाक लावलं.
खळीचा वास कधीच गेला होता.
त्याजागी काहीतरी गार, बुरशीचं, अनोळखी.
इतक्या पावसाळ्यांत
खरं धुकं शिरलं होतं त्यात.

घरी नायनांच्या मांडीवर पसरलं.
डोळ्यांना आता उजेड आणि अंधार, एवढंच कळतं.
बोटं खालून निघाली,
एकेक पायरी,
ओळखीच्या गाठीवर जरा अडखळत.
मी म्हटलं, वर घड्याळ आहे, नायना. अजून पावणेसातच.

ते कमानीपर्यंत गेले
आणि तिथंच हात ठेवून बसले.