दोन गुळवेली

कुरखेड्याच्या पुढं डांबर संपतं,
तिथून मोहाच्या झाडांतून पाऊणेक तास चाललं की
सुगंधाबाई हलामीचं घर.
माझ्याकडं वजनकाटा, पानं दाबायला रद्दी,
आणि कॉलेजच्या शिक्क्यासकट एक प्रश्न:
तापावर अधिक गुणकारी कोणती?

तिनं दोन्ही ओट्यावर टाकल्या.
एकीचं पान तुकतुकीत,
दुसरीचं मोठं, खालून लव,
वासराच्या कानासारखं.
"हे धाकली, हे थोरली. सख्ख्या बहिनी.
पन एकीचं काम दुसरीले सांगू नोको."

नखानं साल काढली. आतलं चाक दाखवलं.
एक तुकडा माझ्या जिभेवर: कडू.
दुसरा:
काहीच नाही. मग कडू,
कोणी दाराशी चपला काढून
जरा थांबून आत यावं तसा.
"लिव," ती म्हणाली.
मी लिहिलं: चव तिक्त. दोन्ही.

"निंबावर चढलेली तापाले.
थोरली बाळंतिणीले नाही."
काऊन, विचारलं.
"एकडाव देल्ली होती."
आणि उठली, कोंबड्यांना कण्या टाकायला गेली.
बराच वेळ टाकत राहिली.
माझ्या तक्त्यात सात रकाने होते.
आठवा मी आखला नाही.

पुढं वर्ध्याला अठरा उंदीर, टोचून आणलेला ताप,
दर तासाला थर्मामीटर.
फरक निघाला अर्ध्या अंशाचा,
सरांच्या भाषेत दखल न घेण्याजोगा.
तेवढं सांगायला परत गेले.
तिनं नीट ऐकून घेतलं.
"उंदराले ताप कोनं देल्ला?"
आम्हीच.
"मंग त्यायले पुसाचं होतं, कोनती गोड लागली."
आणि स्वतःच्याच बोलण्यावर
खोकला येईपर्यंत हसली.

निघताना पदराच्या गाठीतून दोन तुकडे दिले,
सोललेले, पान नाही, चिठ्ठी नाही.
एसटीत अंगात कणकण भरली.
पर्समध्ये गोळ्यांची पट्टी होती, तिला हात लावला,
मग एक तुकडा दाढेखाली धरला.
धाकली की थोरली,
हे सांगणारं आता फक्त तोंडच.

आरमोरी आली. कंडक्टर ओरडला.
मी अजून वाट बघत होते
कडू यायची.