वरची मूठ

आंतोनच्या दुकानात तीन यंत्रं उचलून पाहिली.
पहिलं स्वस्त, पण नाकाकडे ओढत होतं
हट्टी पाड्यासारखं.
दुसऱ्याचा ब्रेक मनगटाने ढकलला
तर कुरकुरला, आणि तिथेच बसला.
तिसरं कमरेच्या पट्ट्याला टांगून
मी दुकानाच्या शिडीवर चढून बसलो, दहा मिनिटं.
"घेतंस काय थंयच जेवतंस?" आंतोन म्हणाला.

तीन किलो दोनशे. बारा इंची पातं.
खाली हे वजन कुणी मोजत नाही.
चाळीस फुटांवर, भर दुपारी,
शेवटचे दोनशे ग्रॅम
खांद्याला नाव घेऊन हाक मारतात.

याची मूठ वर असते, म्हणून हात फसतो.
वाटतं एका हातात हे, दुसऱ्यात फांदी,
बाप कोयता धरायचा तसं.
कोयता चुकला तर लाकडात रुततो.
साखळी चुकली तर मागे फिरते,
बघते कोण धरून आहे.

आंतोनने पावती डाव्या हाताने लिहिली.
उजव्याची दोन बोटं कुठे गेली, मी विचारलं नाही.
"देवान हात दोन दिल्यान," तो म्हणाला,
"ह्येका दोनूय लागतत."

आज शेवंताबायचा फणस. एक फांदी थेट मांगराच्या कौलांवर.
एक दोर वरच्या बेचक्यात, एक खोडाभोवती,
खाली लवू, तिसऱ्या दोराचे वेढे माडाला घालून.
यंत्र खालीच तापवलं, ब्रेक लावून वर ओढलं.
आधी पोटाकडून काप, मग पाठीवरून,
नाहीतर साल सोलत खोडापर्यंत येते.
पिवळा भुसा, केसात, कानात, चहाच्या तांब्यात.
वरून समुद्र दिसतो. रापण ओढणारे, मुंगीएवढे.

शेवटचा शेंडा हातभर लांब राहिला.
डावा हात आपोआप मुठीवरून उठला.

मी यंत्र बंद केलं.
दोर सोडला, पुन्हा बांधला, दीड हात पुढे सरकलो.
लवू खालून मायबाप काढत होता,
भरती चढत होती, शेवंताबाय जेवायला हाका मारत होती.
मग दोन्ही हातांनी कापलं.
शेंडा डुलत उतरला, एकही कौल न फोडता.

फणसाचा चीक पाण्याने जात नाही.
रात्री पडवीत बसून खोबरेल चोळलं.
दहा बोटं म्हणजे बराच वेळ लागतो.