सामानापाशी

बुधवारची प्रार्थना दिघ्याला,
पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत.
खाली पट्टा फिरतो तोवर पाळक जरा मोठ्याने वाचतात.
चटईवर अठरा माणसं, एक पंखा,
आणि शांतवन उजागरेच्या पिशवीत
कोर्टाचा निकाल, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला.

एकवीस वर्षांनी कंपनी हरली.
रबाळ्याची, केमिकलची,
जिच्या वासावरून आम्ही वारा ओळखायचो.
आता यादी करायचीय, कुणाला किती.
गेटवर शेवटपर्यंत बसले ते त्रेसष्ट.
बाकीचे मधेच उठले.
त्यात माझा नवरा.

तिसऱ्या वर्षी त्याने वॉचमनचा डगला घातला.
पहिल्या दिवशी घरी आला,
बूट काढता काढता म्हणाला, पाय उचलेना गं.
त्यावर आम्ही पुढे कधी बोललो नाही.

आजचा उतारा पाळकांनी मुद्दाम काढला
की क्रमानेच आला, कोण जाणे.
सहाशे निघाले होते.
ओढ्याशी दोनशे थकले,
पाणी ओलांडवेना त्यांना,
सामान राखत बसले.
चारशे पुढे गेले, लढले,
बायकापोरं सोडवली, गुरं-मेंढरं हाकत आणली.
येताना त्यातलेच काही म्हणाले,
यांना यांची बायकापोरं द्या नि लावा वाटेला,
लुटीतलं काही नाही.
तेव्हा तो, अजून राजा न झालेला,
म्हणाला, असं नाही भावांनो.
लढायला गेला त्याचा जेवढा,
सामानापाशी बसला त्याचाही तेवढाच.

खाली गिरणी थांबली.
एवढी शांतता त्या खोलीला सवयीची नाही.

शांतवन म्हणाला,
ते थकले होते पाळकसाहेब. पळाले नव्हते.
कुणीच माझ्याकडे बघितलं नाही,
सगळ्यांनी मिळून.

मार्थाबाई वाघचौऱ्यांना कमी ऐकू येतं.
त्यांनी विचारलं, थकलेल्यांची नावं दिलीयत का?
पाळकांनी पान मागेपुढे केलं.
नाहीत.
आणि लढलेल्यांची?
तीही नाहीत, म्हणाले,
आणि चष्मा पुसत राहिले.

मला सांगता आलं असतं.
मोर्च्याचा डफ, लाल बॅनर,
केसच्या सातही फाइली
आमच्या खाटेखाली आहेत.
दर मे महिन्यात तो त्या गच्चीवर उन्हात पसरतो,
वाळवी लागू नये म्हणून,
आणि शेजारी बसून राहतो, कागद उडू नयेत म्हणून.
सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं.

जिना उतरताना आठवलं,
त्या मेंढरांत दुसऱ्या गावांतून पळवलेलीही असणार.
ती कुणी मोजली?
आमच्या शेजारची बारकूबाय सांगते,
कंपनीच्या आधी तिथे तिच्या सासऱ्याचं मिठागर होतं.
तिला मी आजचा उतारा सांगणार नाही.
ती हसेल.

कंपनीच्या जागी आता थंडगार कोठार आहे,
खिडक्या नसलेलं,
आत यंत्रं जगाचा हिशेब ठेवतात म्हणे.
त्याची रात्रपाळी तिथेच.
गेटही तेच, रंग नवा.
तो अजून बसतो तिथे,
फक्त आतल्या बाजूने.

घरी येऊन डबा भरला.
मग वाकून खाटेखाली हात घातला.
डफाचं चामडं सैल पडलंय.
फाइली कोरड्या आहेत.