पायउतार

मार्चमधला रविवार, टॉन्टन. जेवणाच्या टेबलावर नकाशा,
चार कोपऱ्यांवर चार वजनं :
मेतकुटाची बरणी, हवेचा पंप,
मॉर्वेनाचा चष्म्याचा डबा
आणि माझा डावा कोपर.

किनाऱ्यालगत समोच्च रेषा इतक्या दाटल्यात
की कागद तिथे तपकिरीच दिसतो.
शाळेत याच रेषांना पाच मार्क होते.
आता गुडघे आहेत, दोन,
त्यातला एक दुरुस्त केलेला.

समुद्र सतत उजव्या हाताला.
वारा समोरून.
उलट दिशेने निघालो
तर वारा पाठीवर, पण काउंटिसबरी छातीवर.
तासभर यावरच वाद. चहा गार.

पोरलॉकच्या पुढे, रस्त्यावर दोन छोटे बाण.
एक बाण म्हणजे खडा चढ.
दोन म्हणजे, मॉर्वेना म्हणते, देव आठवेल एवढा.
मी विचारलं, मग हे बाण खाली का बघतायत?
आपण तर वर जाणार.
ती म्हणाली, नेहमी उताराकडेच असतात.
चढ काढलेला नसतो.
तो आपण उलटा वाचायचा.

दुकानात मागच्या चाकाला चौतीस दातांची चक्री सांगितलीय.
माणसाला बत्तीस,
माझे सव्वीस उरलेत.

टोलचा एक रस्ता आहे, रानातून वळणं घेत जाणारा,
थोडे पैसे द्या, लांबून चढा.
तिने पेन्सिलीने त्यावर फुली मारली.
बिस्किट खाल्लं.
फुली खोडली.

वाईत तासाला आठ आण्यांनी सायकल मिळायची.
कैचीत पाय घालून मी पसरणीच्या पहिल्या वळणापर्यंत,
तिथे उतरले.
माधवदादा वरून ओरडला : उतरलीस, हरलीस!
अकरा वर्षांची होते. तासातली वीस मिनिटं उरली होती,
ती मी दगडावर बसून संपवली.

मॉर्वेनाला सांगायचा प्रयत्न केला
की आमच्या भाषेत उतार आणि उतरणं सख्खी भावंडं,
तरी उतरावं लागतं ते चढावरच.
आणि जानेवारीत लॅबमधून मी जे झाले,
एकतीस वर्षांनी, केक, कार्ड, फुलं,
त्यालाही सायकलवरून उतरल्यासारखाच शब्द आहे.
ती बराच वेळ गप्प होती.
मग तिने वही ओढली
आणि दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात
पेन्सिलीने नव्हे, शाईने लिहिलं :
ढकलत, दोन तास.

फोन लावला लिनमथला, मिसेस ट्रॅपनेलना.
दोन खोल्या, नऊ मे, सायकली आत ठेवता येतील ना?
येतील. पण जेवण सातला, उशीर होणार का?

मॉर्वेनाने माझ्याकडे पाहिलं.
मी कोपर उचलला, नकाशा गुंडाळत
थेट मेतकुटाच्या बरणीपाशी जाऊन थांबला.

होईल, ती म्हणाली,
दोन बाणांइतका.