आ करा

सकाळी नऊला डूगी येतो, कुत्रा बाहेर खांबाला बांधून.
कर्कॉल्डीच्या हाय स्ट्रीटवर समुद्राचा वारा असा
की दार उघडलं की आधी तोच आत.
मी हिरवं औषध मोजते, साठ मिली,
प्लास्टिकच्या पेल्यात. वर घोटभर पाणी.
तो पितो. मग नियम असा, की त्यानं बोलायचं काहीतरी.
तोंडात धरून बाहेर नेलं नाही ना,
विकायला, किंवा रात्रीसाठी,
ते आवाजावरून कळतं.

म्हणून गेली अकरा वर्षं
रोज डूगीचं एक वाक्य माझ्या वाट्याला येतं.
"कुत्र्याला टाके पडले."
"मुलीनं फोन उचलला, मिसेस टिपणीस. लगेच ठेवला, पण उचलला."
"आज काही नाही."
आज काही नाही, हेही चालतं.

मला कुणी बोलायला लावलं नाही.

कंबर धरली होती, एवढंच.
कोडीन. आधी दोन, चहाबरोबर, बिस्किटासारख्या.
आपल्या भाषेत सगळं लागतंच की,
भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो,
तसं हेही लागलं.
दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या,
पाहुणा जावा आणि त्याची बॅग खाटेखाली राहावी तशा.
नवरा म्हणायचा, हल्ली तू छान शांत असतेस.
लोक मूग गिळून गप्प बसतात.
मी काय गिळत होते, ते पाकिटावर छापलेलं होतं,
धोक्याच्या सूचनेसकट.

आडनाव टिपणीस. पूर्वज कुणाच्या तरी दरबारी
दाणा न् दाणा टिपून ठेवत असणार.
मी दुकानाच्या वहीत लिहीत होते,
पाकीट फुटलं, नष्ट केलं.
पाकीट फुटलं, नष्ट केलं.
अक्षर मात्र सुंदर.

मार्चमधल्या एका सकाळी डूगीनं पेला रिकामा केला
आणि माझ्याकडे बघून म्हणाला,
"तुमच्या बुबुळांच्या टाचण्या झाल्यात."
एवढंच. त्या दिवसाचं वाक्य.
मी पडद्यामागे गेले. भिंतीवरचा छोटा आरसा
आम्ही केस बघायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी बेटिंगच्या चिठ्ठीमागे त्यानं लिहून आणलं,
जुन्या लिनोलियमच्या कारखान्यामागे, दुसरा मजला,
मंगळवार, मॉइराला विचारा.
खाली: चहा भिकार असतो.

चार मंगळवार चिठ्ठी कोटाच्या खिशात फिरली.
पाचव्या मंगळवारी जिना चढले.

मॉइरानं विचारलं, दिवसाला किती?
मी म्हणाले, सहा.
ती काही बोलली नाही. हीटरची टकटक.
मी म्हणाले, दहा. कधी कधी बारा.
तिनं पेन खाली ठेवलं.
गोळ्या मी इंग्रजीत देते, पण मोजते अजून मराठीत,
पाच पाच करून, बोटानं ढकलत.
तसं मोजायला घेतलं, सकाळपासून,
आणि तोंडातून निघालं, "बावीस."
तिला एक अक्षर कळलं नसणार.
तरी ती म्हणाली, हं. आता तेच मला कळेल असं सांगा.

पुढचं सोपं नव्हतं. वरिष्ठांना पत्र, मग चौकशी,
नवऱ्याचं दोन दिवस न जेवणं,
घामानं भिजलेल्या चादरी, पायांत मुंग्यांची वारुळं.
ते सगळं सांगत बसत नाही.

आता मी रोज बस पकडून बर्नटायलंडला जाते.
तिथल्या औषधाच्या दुकानात एक पोरगी आहे, एफी,
माझ्या मुलीपेक्षाही लहान.
ती जिभेखाली गोळी ठेवायला सांगते.
माझा नियम उलटा आहे: विरघळेपर्यंत
बोलायचं नाही, गिळायचं नाही.
सात मिनिटं मी खुर्चीवर बसून
खोकल्याच्या बाटल्यांची लेबलं वाचते.
कधी शेजारी कुणीतरी ओळखीचं येऊन उभं राहतं.
मी मान हलवते.

मग एफी येते, हात मागे बांधून, जरा अवघडून,
मी तिच्या जागी पहिल्या वर्षी अवघडायचे तशी,
आणि म्हणते, आता आ करा.

मी आ करते.
ती वाकून बघते, जिभेखाली काही उरलंय का.
मग विचारते, कसं काय आज?

आज काही नाही, मी म्हणते.
बसमध्ये एक बाई भांडली ड्रायव्हरशी. एवढंच.